परदेशातून चेक येतोय, घ्यावा का? घरून विकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी, खारीवाव रस्ता या भागांतल्या कितीतरी मराठी घरांतून शिवलेल्या नऊवारी, फेटे, नथी, गौरीचे मुखवटे, रुखवताचं सामान परदेशी जातं. अशा काही घरगुती विक्रेत्यांचे हिशेब मी बघते. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर ठरतं, भाव ठरतो आणि मग तिकडून निरोप येतो, "ताई, चेक पाठवला तर चालेल ना?" या एका निरोपानंतर मला जे फोन येतात, त्यांतले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माल विकणाऱ्यांसाठी आहेत. सेवा विकणाऱ्यांचे, म्हणजे शिकवण्या, भाषांतर, डिझाइन वगैरे करणाऱ्यांचे नियम काही ठिकाणी वेगळे आहेत.

आजच्या काळात परदेशातून चेक पाठवतं कोण?

मुख्यतः दोघं. एक म्हणजे तिकडे चाळीस-पन्नास वर्षं राहिलेले आजी-आजोबा. त्यांचं विजेचं बिल, देणगी, नातवाचा वाढदिवस, सगळं चेकनेच चालतं. इंटरनेटवर कार्डाचा नंबर टाकायला ते तयार नसतात, आणि त्यांचं काही चुकतं असंही नाही.

दुसरी म्हणजे महाराष्ट्र मंडळं. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे आणि गावोगावची मंडळं गणपती, दिवाळी, हळदीकुंकू यांसाठी इकडून सामान मागवतात. मंडळाचं खातं संस्थेचं. खजिनदाराला प्रत्येक खर्चाचा कागद दाखवावा लागतो, कधी दोन सह्या लागतात, आणि त्या पद्धतीत चेक चपखल बसतो. लेझीमचे पंचवीस जोड नि पंधरा नऊवारी अशी ऑर्डर असेल तर मंडळ चेकच देऊ म्हणेल.

चेक कुठल्या देशातून येतोय हेही बघा. अमेरिका आणि कॅनडात तो अजून वापरात आहे, ब्रिटनमध्ये कमी होत चाललाय. नेदरलँड्स आणि डेन्मार्कने चेक बंद केले, न्यूझीलंडच्या बँकांनी २०२१ पर्यंत ते थांबवले, ऑस्ट्रेलियाही त्याच वाटेवर आहे. ऑकलंडहून कोणी तिथल्या बँकेचा चेक पाठवतो म्हणालं, तर पुढे बोलायची गरज नाही.

एका वाक्यात सांगा, घ्यायचा की नाही?

अनोळखी माणसाचा चेक घेऊ नका. ओळखीचा असला तरी छोट्या रकमेचा घेऊ नका. ओळखीच्या मंडळाचा, मोठ्या रकमेचा, आणि माल पाठवायला दोन-तीन महिने हातात असतील तेव्हाच घ्या.

गणपतीसाठीच्या ऑर्डरचा चेक जुलैत निघत असेल तर तो चेक गणपतीच्या कामाचा नाही. मंडळाला हे फेब्रुवारी-मार्चमध्येच सांगा.

माझ्या नेहमीच्या बँकेत भरता येईल का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडचे चेक ज्या व्यवस्थेतून वटतात, तिच्यात परदेशी बँकेचा चेक बसतच नाही. तो ड्रॉप बॉक्समध्ये टाकला तर बँक परत करेल किंवा तो दोन टेबलांच्या मध्ये अडकून बसेल. परकीय चलनाचे व्यवहार करायला रिझर्व्ह बँकेचा अधिकृत विक्रेता म्हणून परवाना लागतो. बऱ्याच सहकारी बँकांकडे तो नसतो. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याही प्रत्येक शाखेत हे काम होत नाही. गल्लीतल्या शाखेतून चेक अलकापुरीतल्या मोठ्या शाखेकडे, तिथून मुंबईच्या केंद्रीय विभागाकडे जाऊ शकतो. शिवाय अनेक बँकांनी परदेशी चेक घेणं बंदच केलंय, किंवा फक्त जुन्या खातेदारांचे घेतात.

सयाजीराव महाराजांनी २० जुलै १९०८ रोजी या शहरात बँक काढली, म्हणून इथल्या जुन्या घरांत बँकेबद्दल एक विश्वास आहे आणि मला तो मोलाचा वाटतो. पण परदेशी चेकच्या बाबतीत काउंटरवरच्या तोंडी "हो, होऊन जाईल" वर थांबू नका. ऑर्डर घेण्याआधी परकीय चलन बघणाऱ्या अधिकाऱ्याला भेटा आणि ईमेलवर विचारा: डॉलरचा चेक घेता का, किमान रक्कम काय, कलेक्शनने पाठवता की दुसऱ्या पद्धतीने, एकूण खर्च किती, आणि परत आला तर किती कापणार. उत्तर लेखी आलं नाही तर चेक मागवूच नका.

आणखी एक. व्यवसायाचे पैसे बचत खात्यात घेऊ नका. चालू खातं लागतं, आणि ते खातं निर्यातीसाठी त्याच बँकेत नोंदलेलं असलं तर पुढची अर्धी कटकट वाचते.

चेक भरल्यावर त्याचं नेमकं काय होतं?

हे समजून घ्या, कारण पुढची सगळी सावधगिरी याच्यावर उभी आहे.

तुमच्या बँकेचं परदेशातल्या एखाद्या बँकेत डॉलरचं खातं असतं. त्याला नॉस्ट्रो खातं म्हणतात. तुमचा चेक आधी त्या खात्यात वटतो, मग रुपये होऊन तुमच्याकडे येतो. तो वटायचे रस्ते साधारण दोन.

पहिला कलेक्शनचा. चेक तिकडे जातो, ज्या बँकेवर काढलाय तिच्यापुढे ठेवला जातो, तिने पैसे दिले की मगच आपल्याकडे जमा होतात. वेळ लागतो, खर्चही जास्त, पण पैसे येतात ते बऱ्यापैकी पक्के.

दुसरा कॅश लेटरचा. बँक बरेच चेक एकत्र करून तिकडच्या बँकेला पाठवते. ती बँक चेक वटायची वाट न बघता ठराविक दिवसांत तात्पुरती जमा देते. आपली बँक त्यावर आणखी काही दिवस थांबते आणि मग तुमच्या खात्यात पैसे टाकते. हा रस्ता लवकरचा आणि स्वस्त, पण जमा तात्पुरती असते. चेक नंतर परत आला तर तिकडची बँक आपल्या बँकेकडून पैसे काढून घेते आणि आपली बँक तुमच्याकडून. भरताना ज्या फॉर्मवर तुम्ही सही करता त्यात याची परवानगी लिहिलेली असते. तो फॉर्म वाचा. सही करायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

खात्यात पैसे दिसले. आता पार्सल पाठवू ना?

थांबा. माझ्याकडे येणाऱ्या फोनांत सर्वांत जास्त नुकसान याच पायरीवर झालेलं असतं.

पासबुकात आकडा दिसणं आणि पैसे तुमचे होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत ज्या बँकेवर चेक काढलाय तिला तो नाकारायचा असेल तर साधारण दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत परत करावा लागतो. ऐकायला हे झटपट वाटतं. पण ती मुदत चेक त्या बँकेच्या दारात पोचल्यावर सुरू होते, आणि नकाराची बातमी मधल्या बँकांतून मुंबईला नि तिथून बडोद्याला यायला आणखी दिवस जातात. तेवढ्यात तुमच्या नऊवारी न्यू जर्सीला पोचलेल्या असतात.

त्यातही बनावट चेकचा प्रकार वेगळा. खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आलेला चेक लवकर कळतो. चोरलेल्या चेकवर मागे खोटी सही करून कोणी पैसे उचलले असतील तर खऱ्या मालकाच्या लक्षात येईपर्यंत महिने जातात, आणि अमेरिकन कायद्यात अशा दाव्याला तीन वर्षांपर्यंत वाव आहे. तिकडे टपालपेट्यांतून चेक चोरायचे, रसायनाने शाई धुऊन नाव-रक्कम बदलायची, असे प्रकार इतके वाढले की अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बँकांना खास इशारा दिला होता.

मग पार्सल कधी सोडायचं? बँकेला एकच प्रश्न लेखी विचारा: "ही जमा अंतिम आहे का, की परत घेतली जाऊ शकते?" अंतिम आहे असं उत्तर ईमेलवर आलं की माल पाठवा. नुसतं "क्लिअर झालाय" हे उत्तर पुरेसं नाही, कारण काउंटरवरचा माणूस पडद्यावरचा आकडा बघून तेच सांगतो.

खोटा चेक बघून ओळखता येतो का?

चांगली नक्कल ओळखता येत नाही. पण ढिसाळ नक्कल पकडता येते, आणि बरेचसे भामटे ढिसाळ असतात.

अमेरिकन चेक हातात घ्या. वर डावीकडे चेक देणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला असतो, वर उजवीकडे चेकचा क्रमांक. हाच क्रमांक खाली चुंबकीय शाईच्या ओळीतही असतो, दोन्ही जुळायला हवेत. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहितात, आणि सेंट शंभराच्या अपूर्णांकात, म्हणजे शून्य सेंट असतील तर ००/१००. दोन्हींत फरक पडला तर अक्षरांतली रक्कम धरली जाते, पण असा चेक तुम्ही घेऊच नका. कमीत कमी एक कड छिद्रांवरून फाडलेली, खरबरीत असते. चारही कडा गुळगुळीत असतील तर तो घरच्या प्रिंटरवर छापलेला असू शकतो. मंडळांचे चेक कधी कधी संगणकावर छापलेले असतात, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावू नका.

खालच्या ओळीत नऊ आकडी राउटिंग नंबर असतो, म्हणजे बँकेची ओळख सांगणारा नंबर. त्याची एक पडताळणी कागद-पेन्सिलीने होते. पहिला, चौथा, सातवा आकडा मिळवून तीनने गुणा. दुसरा, पाचवा, आठवा मिळवून सातने गुणा. तिसरा, सहावा, नववा नुसते मिळवा. तिन्हींची बेरीज दहाने पूर्ण भागली गेली पाहिजे. उदाहरणार्थ ०२१००००२१ घ्या. पहिल्या गटाचे शून्य. दुसऱ्यात २ + ० + २ म्हणजे ४, सातने गुणून २८. तिसऱ्यात १ + ० + १ म्हणजे २. बेरीज ३०, बरोबर भागते. सुरुवातीचे दोन आकडे मध्यवर्ती बँकेचा विभाग सांगतात, ०२ म्हणजे न्यूयॉर्क. चेकवर कॅलिफोर्नियातल्या छोट्याशा बँकेचं नाव आणि नंबर न्यूयॉर्कच्या विभागाचा, असं दिसलं तर बँकेला विचारायचं कारण मिळालं.

हा नंबर जुळला म्हणजे चेक खरा, असा अर्थ कृपा करून काढू नका. खरा नंबर कोणालाही चोरता येतो. नंबर चुकला तर मात्र चेक खोटा हे नक्की.

गिऱ्हाईक म्हणतंय, चेक जास्त रकमेचा झालाय, वरचे पैसे परत पाठवा.

फसवणूक आहे. इथे अपवाद नाही.

पद्धत ठरलेली असते. अनोळखी माणूस मोठी ऑर्डर देतो, भावात घासाघीस करत नाही, मापं विचारत नाही. नऊवारी घेणारी बाई कमरेचं माप आणि उंची विचारल्याशिवाय राहते का? मग चेक येतो, बहुधा बँकेने स्वतः काढलेला म्हणजे कॅशियर्स चेक, दिसायला एकदम भारदस्त, रक्कम ठरल्यापेक्षा हजारभर डॉलर जास्त. सोबत निरोप: "माझ्या सचिवाची चूक झाली. उरलेले पैसे आमच्या वाहतूक एजंटला पाठवा, तो माल उचलायला येईल." एजंटचं खातं इथलंच कुठलं तरी, आणि घाई प्रचंड. तुम्ही स्वतःचे खरे पैसे एजंटला पाठवता, आठवड्यांनी चेक खोटा निघतो, बँक पूर्ण रक्कम तुमच्याकडून वसूल करते. माल गेलेला असेल तर तोही गेला.

रक्कम जास्त असेल तर चेक रद्द करून योग्य रकमेचा नवा पाठवा म्हणायचं. खरं गिऱ्हाईक तयार होतं, भामटा गायब होतो. पैसे पाठवून बसला असाल तर वेळ घालवू नका. सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा आणि बँकेला कळवा. एजंटचं खातं इथलं असेल तर पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता खरोखर असते.

चेकवर नाव काय लिहायला सांगू?

बँक खात्यावर आहे तेच, अक्षर न अक्षर. इन्स्टाग्रामवर दुकानाचं नाव एक आणि खातं तुमच्या नावाचं असेल तर दुकानाच्या नावाचा चेक बँक नाकारेल. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणि न्यू जर्सीच्या मावशी प्रेमाने नुसतं "अमुकताई" लिहितात. म्हणून नाव इंग्रजीत टाइप करून पाठवा, चेक लिहून झाला की फोटो मागवा, बरोबर असेल तरच टपालात टाकायला सांगा. चुकीच्या नावाचा चेक इकडे येऊन परत जाणं म्हणजे दोन महिने वाया.

तारीख ०४/०७ आहे. चार जुलै की सात एप्रिल?

अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे सात एप्रिल. आपल्या क्लार्कला तो चार जुलै वाटून पुढच्या तारखेचा चेक म्हणून परत दिला जाऊ शकतो, तेव्हा भरतानाच सांगा. महिना अक्षरांत लिहायला सांगितलं तर प्रश्नच मिटला.

मुदतीचं म्हणाल तर आपल्याकडे १ एप्रिल २०१२ पासून चेक तीन महिनेच चालतो. अमेरिकेत सहा महिन्यांनंतर बँकेवर पैसे देण्याचं बंधन राहत नाही. टपालाचा वेळ धरून चेक हातात आल्या आठवड्यात भरा.

शेवटी हातात किती उरतात?

समजा नथींची ऑर्डर ६० डॉलरची आहे. हिशेब सोपा जावा म्हणून डॉलर ९० रुपये धरू, म्हणजे ५,४०० रुपये. यातून तुमच्या बँकेचं कमिशन जातं, चेक पाठवायचा कुरियर जातो, तिकडच्या बँकेचा आकार डॉलरमध्येच कापला जातो, आणि रुपयांत बदलताना बँक आपल्या दरपत्रकातला खरेदीचा दर लावते, बातम्यांत दिसणारा नाही. चलन बदलावर जीएसटीही आहे. लाखापर्यंतच्या रकमेवर एक टक्का, पण किमान २५० रुपये, हे सेवेचं मूल्य धरून त्यावर १८ टक्के, म्हणजे कमीत कमी ४५ रुपये. तो मामुली आहे, खरा घाव कमिशन आणि परदेशी आकाराचा. सगळं मिळून दीड हजार गेले तर नफा संपला. हेच दीड हजार ८०० डॉलरच्या चेकवर, म्हणजे ७२,००० रुपयांवर गेले तर सोसतं.

म्हणून लेखी दर हातात आल्यावर स्वतःची किमान रक्कम ठरवा आणि दुकानाच्या पानावर लिहून टाका. प्रत्येकाला वेगळं सांगत बसू नका.

कागदपत्रं कोणती लागतात?

व्यापारी माल परदेशी पाठवायचा तर आयात-निर्यात कोड लागतो. तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर ५०० रुपयांत मिळतो, नंबर तुमच्या पॅनचाच असतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती बरोबर आहे असं पोर्टलवर नोंदवावं लागतं. ते राहिलं तर कोड निष्क्रिय होतो आणि नेमका गणपतीच्या गर्दीत कळतं.

चेकच्या पैशांसाठी बँक विचारेल की हे कशाचे. मालाआधी आलेले पैसे म्हणजे निर्यातीची आगाऊ रक्कम, तिचा उद्देश कोड पी०१०३. सोबत प्रोफॉर्मा बिल द्या, म्हणजे विक्रीआधीचं कच्चं बिल. चेक आला की लगेच कराचं पक्कं बिल फाडायची घाई करू नका, कारण जीएसटीत हमीपत्रावर, म्हणजे कर न भरता निर्यात करताना बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर जायला हवा, आणि चेक वटायलाच तेवढा वेळ जाऊ शकतो. आधी प्रोफॉर्मा, पैसे पक्के झाले की पक्कं बिल. हमीपत्र दर आर्थिक वर्षाला नवं भरायचं. निर्यात आंतरराज्य विक्री धरली जाते, म्हणून उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणीबद्दल सीएशी एकदा बोलून घ्या.

पार्सल रावपुऱ्यातल्या मोठ्या पोस्टातून पाठवा की कुरियरने, निर्यातीची घोषणा झालीच पाहिजे. पोस्टाने पाठवताना पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट असतं आणि डिसेंबर २०२२ च्या नियमांपासून ते ऑनलाइन भरता येतं. "भेटवस्तू" लिहून पाठवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पैसे निर्यातीचे आणि पार्सल भेटीचं, हे बँकेच्या नोंदीत जुळणार नाही.

माल आधी गेला आणि पैसे नंतर यायचे असतील तर ते येण्याची मुदत आधी नऊ महिने होती, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ती पंधरा महिने केली. पण चेकवाल्या गिऱ्हाइकाला उधारी देऊ नका.

अमेरिकेतल्या आयात शुल्काचं काय?

चेकची रक्कम ठरवण्याआधीच हा प्रश्न सोडवा. आठशे डॉलरच्या आतल्या पार्सलांना तिकडे असलेली सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली. आपल्या टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं काही आठवडे थांबवली होती. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ती पुन्हा सुरू झाली तेव्हा शुल्क बुकिंगलाच भरून घ्यायची पद्धत आली. म्हणजे ते तुमच्या खिशातून जातं. दर बदलत राहतात, तेव्हा त्या आठवड्याचा आकडा विचारून तो प्रोफॉर्मात वेगळ्या ओळीत घाला. चेक एकदा लिहिला की वरचे वीस डॉलर मागायला दुसरा चेक मागवायचा का?

भाचा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. चेक त्याच्या खात्यात भरू दे?

नको. चेक तुमच्या नावाचा असेल तर त्याची बँक बहुधा घेणार नाही. त्याच्या नावाचा मागवला तर विक्री कागदावर त्याची होते, करखात्याला त्याने उत्तर द्यायचं, चेक परत आला तर खातं त्याचं अडकायचं. आणि तुमच्या निर्यातीचे पैसे परदेशात दुसऱ्याच्या खात्यात पडून राहणं हे परकीय चलन कायद्यात बसत नाही.

गिऱ्हाईक म्हणतं, पुण्यातला भाऊ यूपीआय करेल.

मग ती विक्री भावालाच करा. बिल भावाच्या नावे, जीएसटी लावून, माल भावाच्या पत्त्यावर. पुढे तो न्यायचा कसा हे त्यांनी बघावं. माल तुम्ही परदेशी पाठवायचा आणि पैसे पुण्याहून रुपयांत घ्यायचे, असं केलंत तर निर्यात नोंदली जाते पण परकीय चलन येत नाही, आणि ती नोंद उघडीच राहते.

चेक नको तर काय सांगू? आजी-आजोबा नाराज व्हायला नकोत.

पहिली गोष्ट त्यांना विचारा: "तुमचं भारतात एनआरई खातं आहे का?" परदेशातली कमाई रुपयांत ठेवायचं अनिवासी भारतीयांचं हे खातं पुष्कळ ज्येष्ठांचं असतं, मुंबई-पुण्याच्या एखाद्या शाखेत. त्या खात्याचा रुपयातला चेक त्यांनी दिला तर निर्यातीची रक्कम म्हणून तो चालतो, आणि आपल्याच चेक व्यवस्थेतून वटतो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग पुढे जात राहतात, त्यामुळे तो बहुधा त्याच दिवशी वटतो. आजोबांची सवय राहते, तुमचा परदेशी खर्च वाचतो. तेच खातं नेटबँकिंगला जोडलेलं असेल तर एनईएफटीही चालेल. खातं एनआरई आहे याचा पुरावा म्हणून चेकचा फोटो आणि त्यांचं दोन ओळींचं पत्र बँकेसाठी जपून ठेवा. एनआरओ खातं, म्हणजे त्यांच्या भारतातल्या उत्पन्नाचं, वेगळं, त्यातले रुपये परदेशातून आलेले धरले जात नाहीत. हा रस्ता फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून मी तो प्रत्येकाला आवर्जून सांगते.

मंडळांना थेट बँकेतून बँकेत पैसे पाठवायला सांगा, म्हणजे वायर. त्यांच्या बँकेचा खर्च लागतो, पण तीन-चार दिवसांत काम होतं आणि खजिनदाराला पावती मिळते. खर्च पाठवणाऱ्याने सोसायचा हे आधी ठरवा, नाहीतर वाटेतली बँक मधूनच कापून घेते.

छोट्या रकमांना कार्ड किंवा पेपाल. पेपालने भारतातली देशांतर्गत सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली, परदेशातून पैसे घेणं चालू आहे. शिवाय सीमापार पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये वेगळी चौकट आणली, त्यात रकमेला २५ लाख रुपयांची मर्यादा आहे, आपल्याला ती भरपूर. यांतल्या काही कंपन्या तुमच्या नावे अमेरिकेतला खाते क्रमांक देतात, मंडळाला तो स्थानिक खात्यासारखा वाटतो. कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या यादीत स्वतः बघा. कार्ड आणि पेपालमध्येही गिऱ्हाईक नंतर वाद घालून पैसे मागे घेऊ शकतं, पेपालमध्ये १८० दिवसांपर्यंत. पोचपावती तोपर्यंत जपा.

चेकच घ्यायचा ठरला. मंडळाला काय लिहू?

असं लिहा, हवं तसं बदला:

"नमस्कार. आपली ऑर्डर मिळाली, प्रोफॉर्मा बिल जोडलं आहे. चेक बिलावरच्या नावानेच काढावा, महिना अक्षरांत लिहावा आणि पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा फोटो पाठवावा. चेक ट्रॅकिंग असलेल्या टपालाने पाठवावा. आमच्या बँकेकडून रक्कम अंतिम जमा झाल्याचं लेखी कळल्यावर शिलाईला सुरुवात करू. यास आठ ते बारा आठवडे लागू शकतात. कार्यक्रमाची तारीख त्याआधीची असेल तर कृपया वायरने रक्कम पाठवावी."

शिलाईला सुरुवात, हे मुद्दाम लिहिलंय. मापाने शिवलेली नऊवारी चेक परत आल्यावर दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. कापड आणून ठेवा हवं तर, कात्री लावू नका.

चेक परत आला. आता?

आधी कारण बघा. खात्यात पैसे कमी होते, की पाठवणाऱ्यानेच पैसे थांबवायला सांगितले, की सही जुळली नाही? सही किंवा नावाची चूक असेल आणि मंडळ ओळखीचं असेल तर नवा चेक मागू नका, वायर मागा, आणि परतीचा खर्चही मागा. प्रामाणिक माणसं देतात. फसवणूक असेल तर परदेशातल्या माणसाविरुद्ध इथून दावा चालवायचा खर्च ऑर्डरपेक्षा मोठा असतो. बँकेचं परतीचं पत्र आणि सगळे निरोप जपून सायबर पोलिसांत तक्रार नोंदवा. परत आलेला चेक पुन्हा भरायला मात्र लावू नका, दुसऱ्यांदाही खर्च तुमचाच.

चेक महिनोन्महिने कलेक्शनला पडलाय आणि बँक काहीच सांगत नाही.

प्रत्येक बँकेचं चेक वसुलीचं धोरण तिच्या संकेतस्थळावर असतं. परदेशी चेकचा भाग शोधा, उशीर झाला तर भरपाई कशी मिळते ते वाचा, आणि त्याच कलमाचा उल्लेख करून शाखेला लेखी तक्रार द्या. पोचेचा शिक्का किंवा तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत, जी नोव्हेंबर २०२१ पासून आहे, तिच्या पोर्टलवर तक्रार करा. शुल्क लागत नाही, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर फोनवरूनही माहिती मिळते. सोबत चेकचा दोन्ही बाजूंचा फोटो, भरल्याची पावती आणि बँकेशी झालेले ईमेल लावा. चेक भरायला जाण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवायला म्हणूनच सांगते, एकदा तो मुंबईला गेला की तुमच्याकडे दुसरं काहीच नसतं.